पावसाळ्याआधी टायर बदलायचेत : २१५/६० आर१६, कोणते घ्यावेत?

साखरपा_फाटा

नमस्कार मंडळी,

गाडी २०१९ ची ब्रेझा, डिझेल, झेडडीआय प्लस. रीडिंग ४८ हजार. चारही टायर गाडीबरोबर आलेले तेच आहेत. पुढच्या दोघांची नक्षी खुणेला टेकायला आली आहे, मागच्या दोघांना बऱ्यापैकी शिल्लक आहे. पण जवळून पाहिलं तर चौघांच्याही कडेला बारीक केसासारख्या भेगा दिसायला लागल्यात.

राहायला पुण्यात, गाव देवरुखजवळ. आई-वडील गावी दोघंच असतात आणि वडिलांची हृदयाची औषधं चालू आहेत. त्यामुळे 'पाऊस कमी झाला की जाऊ' असं म्हणायची सोय नाही. फोन आला की निघायचं, मग जुलैतली रात्र का असेना. रस्ता ठरलेला : हायवेने कराड, तिथून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, देवरुख. घाटात धुकं आणि वाहतं पाणी. घराकडचा शेवटचा चढ कच्चा, जांभ्या दगडाचा, पावसात चिकचिकीत लाल चिखल. बाकी वर्षभर गाडी ऑफिसला जाते-येते.

आता तीन दुकानांत तीन सल्ले मिळाले. पहिला म्हणतो, दोनच घ्या आणि पुढे टाका, मागचे अजून वर्षभर चालतील. दुसरा म्हणतो, २१५/६५ टाका, गाडी उंच होते, कोकणात बरं पडतं. तिसरा म्हणतो, तुम्हाला चिखल आहे ना, मग ऑल टेरेनच (एटी, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीचे मोठ्या नक्षीचे टायर) घ्या.

मला टायर किती किलोमीटर चालतो यापेक्षा ओल्या घाटात गाडी धरून राहते का, हे जास्त महत्त्वाचं आहे. माझ्या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

निवांत_चालक

डोळे झाकून मिशेलिन. महाग आहेत, पण आवाज नाही आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक छान लागतो. प्रायमसी ४ एसटी या साइजमध्ये मिळतो.

पिंपळगाव_बस्ती

आमच्याकडे पहिल्यापासून एमआरएफ. नाशिक-पेठ रस्त्यावर खड्ड्यांनी कितीतरी रिम वाकले, टायर फाटला नाही. कडा मजबूत असते.

रबरतंत्र

वरचे दोन्ही प्रतिसाद आपापल्या जागी खरे आहेत, आणि म्हणूनच 'कुठली कंपनी' हा प्रश्न शेवटी ठेवू. टायर बनवणाऱ्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं आहे, त्या आधारावर लिहितो.

साखरपा_फाटा, तुमच्या माहितीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ नक्षीची नाही, भेगांची आहे. टायरच्या कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. तुमचे टायर सात वर्षांचे झाले. रबर ऊन आणि ओझोनने हळूहळू कडक होतं, जुना खोडरबर कागदावर नुसता घसरतो तसं. नक्षी दिसते, पण ओल्या डांबराला चिकटण्याचा गुण गेलेला असतो. बहुतेक कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढून टाका. तुम्ही दहाची वाट पाहू नका. भेगा आल्या आहेत आणि जायचं घाटात आहे.

दुसरं, खुणेबद्दल. नक्षीच्या खोबणीत तळाशी आडव्या पट्ट्या असतात, त्यांची जागा कडेवर छोट्या त्रिकोणाने दाखवलेली असते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की उरली १.६ मिमी. कायद्याने कारसाठी तिथपर्यंत परवानगी आहे. नवा टायर साधारण ८ मिमीचा असतो. कोरड्या रस्त्यावर १.६ वर फारसं काही जाणवत नाही. पण पावसात टायरला त्याच्या खोबणीतून पाणी बाहेर फेकायचं असतं, आणि खोबण उथळ झाली की पाणी टायरखालीच राहतं. मग चाक रस्त्यावर नसतं, पाण्यावर असतं. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं ते तेव्हाच. म्हणून पावसाळी रस्त्यासाठी मी ३ मिमीलाच टायर संपला असं धरतो. खोली मोजायचा गेज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात शे-दोनशेला मिळतो.

चाकोरी

दोनच घ्यायचे असतील तर पुढेच टाका ना. ब्रेझा फ्रंट व्हील ड्राइव्ह. ताकद पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा बहुतेक भार पुढे. मागची चाकं नुसती ओढली जातात. चांगला टायर जिथे काम आहे तिथेच हवा, हे साधं गणित आहे.

रबरतंत्र

चाकोरी, हे जवळपास प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं आणि ऐकायला पटतंही. पण टायर कंपन्यांचा सल्ला नेमका उलट आहे : दोनच नवे घेतले तर ते मागे, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरीसुद्धा.

कारण असं. ओल्या वळणावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला लागते. चालकाला ते हातात लगेच कळतं, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघतो, वजन पुढे येतं आणि पकड बहुतेक वेळा परत मिळते. मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडीचं ढुंगण बाहेर जातं आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ते स्टिअरिंगमध्ये आधी जाणवत नाही. जाणवतं तेव्हा गाडी आडवी झालेली असते. त्यातून सावरायला उलटं स्टिअरिंग द्यावं लागतं, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना जमतं.

आता हे आंबा घाटात ठेवून पाहा. तुम्ही मलकापूरकडून साखरप्याकडे उतरताय. उतारामुळे वजन आधीच पुढच्या चाकांवर, त्यात वळणाआधी ब्रेक, म्हणजे मागची चाकं आणखी हलकी. त्या हलक्या चाकांवर सात वर्षांचे कडक टायर आणि पुढे कोरे करकरीत. रचना नेमकी फिरण्यासाठी केल्यासारखी झाली. ईएसपी असेल तर ती एकेका चाकाला ब्रेक लावून थोडं सांभाळते, तुमच्याकडे तीही नाही.

चाकोरी

पटलं. मी आजवर पुढेच टाकत आलो आणि दुकानदारही तेच सांगत आले. एक शंका : मागे नवे टाकले तर पुढचे जुने लवकर संपतील ना?

रबरतंत्र

हो, संपतील. संपले की मागचे पुढे आणायचे आणि नवे दोन पुन्हा मागे. असं चक्र चालू ठेवता येतं. पण साखरपा_फाटा यांच्याबाबत हा प्रश्नच नाही. चारही टायर एकाच वयाचे आहेत, चारही बदला.

टायरवाला_इचलकरंजी

नमस्कार. माझं स्वतःचं टायरचं दुकान आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही, सगळे ब्रँड ठेवतो. रबरतंत्र सरांनी जे लिहिलं त्याला शंभर टक्के दुजोरा. गिऱ्हाईक दोन टायरचे पैसे घेऊन आलेला असतो आणि 'पुढे टाका' म्हणतो, आम्हीही वाद घालत नाही, हे खरं आहे. घालायला हवा.

आता साइजबद्दल. २१५/६० आर१६ म्हणजे रुंदी २१५ मिमी, कडेची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १२९ मिमी, आणि रिम १६ इंची. दोन्ही कडा धरून चाकाचा एकूण व्यास येतो ६६४ मिमी. २१५/६५ चा येतो ६८६. म्हणजे व्यास २२ मिमीने वाढला, पण गाडी उंच होणार त्याच्या निम्मी, ११ मिमी. बोटाच्या जाडीएवढं. त्यासाठी काय सोसायचं? मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या वर असेल, चढावर पिकअप मंदावेल, पूर्ण वळणात किंवा गाडी भरलेली असताना खड्ड्यात टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. उद्या विम्याचा क्लेम आला आणि सर्व्हेअरने साइज पाहिली तर वेगळाच फाटा फुटतो. त्यामुळे २१५/६० च ठेवा.

साइजच्या पुढे ९५एच असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते लोक वाचतच नाहीत. ९५ म्हणजे एका टायरची भार पेलायची क्षमता ६९० किलो. एच म्हणजे ताशी २१० पर्यंतची मर्यादा, टी असेल तर १९०, एस असेल तर १८०. गाडीच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर आणि मॅन्युअल पाहा, तिथे जो आकडा दिलाय त्यापेक्षा कमी कधी घ्यायचा नाही. स्वस्तात मिळतोय म्हणून ९१ किंवा ९२ चा टायर गळ्यात मारणारे आहेत.

टायरवर आयएसआयचा शिक्का आहे का, तेही बघा. कारच्या टायरसाठी आयएस १५६३३.

कुडाळ_पिंगुळी

ऑल टेरेनबद्दल मी सांगतो, कारण आम्ही रोज लाल मातीतच असतो. माझ्या गाडीला एटी होते, आता नाहीत.

चिखलात एटी चांगलेच. मोठी बटणं, मधे रुंद जागा, माती अडकली तरी फिरता फिरता गळून पडते. पण तुमचा चिखल आहे एक चढ. त्या आधी तीनशे किलोमीटर डांबर आणि काँक्रीट. त्या तीनशे किलोमीटरवर एटी गुणगुणत राहतो, जड असतो, ॲव्हरेज खातो. आणि मुख्य म्हणजे ओल्या डांबरावर त्याचा ब्रेक रोडच्या टायरपेक्षा उशिरा लागतो, कारण मोठ्या बटणांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि त्याचा मसाला, म्हणजे रबराचं मिश्रण, टिकाऊपणासाठी कडक. घाटासाठी तो उलटा सौदा.

त्या चढाचं उत्तर टायरमध्ये कमी आणि पायात जास्त आहे. खाली थांबून श्वास घ्या, पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मधे थांबायचं नाही, चाक फिरायला लागलं की पाय वाढवायचा नाही तर कमी करायचा. आणि शक्य असेल तर वाडीतल्या लोकांनी मिळून पावसाआधी दोन चाकोऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे, खडी टाकून घ्या. आम्ही दरवर्षी मे महिन्यात हे करतो. जांभ्यावर शेवाळ धरलं की नवा काय नि जुना काय, कुठलाच टायर धरत नाही. ते लोखंडी खराट्याने घासून काढावंच लागतं.

मीनल_ईव्ही

थोडं वेगळं, पण याच साइजचं म्हणून लिहिते. माझी नेक्सॉन ईव्ही आहे, तीही २१५/६० आर१६. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी बदलताना रोलिंग रेझिस्टन्स पाहावा, म्हणजे टायर फिरताना किती ऊर्जा खातो ते. कंपनीतून आलेले टायर त्या दृष्टीने निवडलेले असतात. बाहेरून दुसरा जाड मसाल्याचा टायर टाकला की त्याच चार्जमध्ये गाडी कमी जाते. बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेचं) स्टार लेबल आता टायरवरही येतं, फ्रिजवर असतं तसंच, ते याच गोष्टीसाठी आहे. अजून सगळ्या मॉडेलवर दिसत नाही.

पण एक सावधगिरी. जास्त स्टार म्हणजे इंधन कमी लागणार, ओल्यात जास्त धरणार असा त्याचा अर्थ नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत असतो, मूळचा सांगलीचा. इथे प्रत्येक टायरला लेबल असतं, त्यावर इंधन, ओल्यातली पकड आणि आवाज असे तीन भाग. पकडीचे वर्ग ए ते ई. एकाच साइजचे टायर ओल्यातल्या पकडीत ए पासून सी पर्यंत पसरलेले असतात, किंमत कधी कधी सारखीच. भारतात घेताना एक युक्ती करता येईल : तुम्हाला जे मॉडेल सांगितलंय तेच युरोपात विकलं जात असेल तर त्याचा वर्ग युरोपियन युनियनच्या सार्वजनिक नोंदीत मोफत पाहता येतो. फक्त नाव सारखं असलं तरी भारतासाठीचा मसाला वेगळा असू शकतो, त्यामुळे तो अंदाज म्हणूनच वापरा.

आणि भारतात 'विंटर' किंवा एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) असं लिहिलेलं पाहून भुलू नका. बर्फाचे टायर सात अंशाखाली चांगले चालतात, पुण्याच्या उन्हाळ्यात ते मऊ पडून भराभर झिजतील. इथेसुद्धा आता नुसतं एम+एस चालत नाही, हिवाळ्यासाठी डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतं.

वऱ्हाडी_चाक

पावसाचं झालं, उन्हाचंही लिहितो. अमरावतीहून मुंबईला समृद्धीने येणं-जाणं असतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंश, वर काँक्रीट, कारला १२० ची परवानगी. हा महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली होती आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. योग्यच केलं.

पण आमच्याकडे एक समज फार घट्ट बसलाय, की उन्हात हवा फुगते म्हणून आधीच दोन-चार पॉइंट (पीएसआय) कमी ठेवायची. हा समज जीवावर बेततो. हवा कमी असली की टायरची कडा प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, दबून सुटते, दबून सुटते, आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते. ती बाहेरच्या उन्हापेक्षा जास्त घातक, कारण ती आतल्या थरांत साठते आणि थर एकमेकांपासून सुटायला लागतात. फुटलेले बहुतेक टायर असेच असतात : हवा कमी, वेग जास्त, भार जास्त, टायर जुना.

स्टिकरवर जो आकडा आहे तो थंड टायरचा आहे. गाडी रात्रभर उभी होती, सकाळी पंपापर्यंत गेलात, तेव्हा मोजायचा. लांब चालल्यावर चार-पाच पॉइंट वाढलेले दिसतील. ते धरूनच टायर बनवलेला असतो, मधे उतरून काढू नका. सामान आणि पाच माणसं असतील तर स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो घ्या.

चाकोरी

नायट्रोजन भरावा का मग?

वऱ्हाडी_चाक

साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. मिळाला तर भरा, त्यासाठी पैसे आणि वळसा नको. पंधरा दिवसांनी हवा तपासणं हेच खरं.

साखरपा_फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. चारही बदलायचे आणि २१५/६० च ठेवायचे, हे पक्कं. एटी नाही. वाडीतल्या लोकांशी चढाबद्दल बोललो, या रविवारी खडी टाकतोय.

दोन प्रश्न राहिलेत. एक : पुढचे दोन टायर सारखे झिजलेले नाहीत. डाव्याची आतली बाजू जास्त गेली आहे. दोन : दुकानदार म्हणतो 'माल ताजा आहे', पण बिल करायच्या आधी टायर दाखवत नाही.

टायरवाला_इचलकरंजी

पहिलं. गाडी उभी करून, चावी काढून, तळहात टायरवर आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेला हात गुळगुळीत जातो आणि उलट येताना नक्षीच्या कडा बोटांना करकर लागतात का? लागत असतील तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं समांतर नाहीत, टायर प्रत्येक मीटरला थोडा आडवा घासला जातोय. हाताला काही लागत नाही पण आतली बाजू गेलीय, तर कॅम्बरकडे, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याकडे, संशय जातो, किंवा सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचं बुश (रबरी जोड), बॉल जॉइंट सैल झालाय. हे आधी दुरुस्त करा, मगच नवे टायर चढवा. नाहीतर नवा टायरही सहा महिन्यांत तसाच होईल आणि दोष टायरला येईल. सस्पेन्शनमध्ये ढिलाई असताना केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. केल्यावर छापील कागद मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही असलेला. 'झालं साहेब' यावर निघू नका.

दुसरं. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. चारही टायर बाहेर काढून आठवडा-वर्ष तुमच्यासमोर वाचायचे. मी गिऱ्हाइकाला सांगतो : सहा महिन्यांच्या आतला बेस्ट, वर्षापर्यंत हरकत नाही, त्याहून जुना असेल तर भाव पाडून मागा किंवा सोडा. चारही टायर एकाच आठवड्याचे मिळायलाच हवेत असं नाही, पण एका धुरीवरचे दोघे जवळपासचे हवेत. आकडे बिलावर लिहून घ्या, क्लेमच्या वेळी कामी येतात. टायरला निर्मितीदोष निघाला तर कंपनीचा माणूस तपासून उरलेल्या नक्षीच्या हिशेबाने सूट देतो, पूर्ण पैसे परत मिळत नाहीत. खड्ड्यात आपटून कडेला टेंगूळ आलं तर सहसा क्लेम बसत नाही. काही कंपन्या ठराविक मुदतीत बिनशर्त वॉरंटी देतात, ती आधी विचारून घ्या.

भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. पूर्वी १२८ ला पडणारी वस्तू ११८ ला यायला हवी. जुना भाव सांगून 'तुमच्यासाठी डिस्काउंट' म्हणणारे अजून आहेत, तेव्हा बिलात कर वेगळा पाहा. या साइजला साधारण साडेसहा हजारांपासून दहा हजारांपर्यंत एक टायर, ब्रँडप्रमाणे.

अजून एक स्वस्तातला मार्ग आहे. नवीन गाडी घेतल्यावर हौशी लोक अलॉय आणि टायर मोठे करतात, कंपनीचे चार टायर काढून विकतात. शंभर-दोनशे किलोमीटर चाललेले. तारीख ताजी, साइज आणि भार तोच, बिल असेल तर हरकत नाही. मात्र जुना टायर कापून नक्षी खोल केलेला आणि पॉलिश मारून ठेवलेलाही अशाच ढिगात मिळतो. खोबणीच्या तळाशी कापल्याच्या सरळ, कोरड्या रेषा दिसल्या किंवा झिजेची पट्टीच गायब असली की सोडून द्या.

रबरतंत्र

आता कंपनीवर येऊ. तुमच्यासाठी गरजांचा क्रम असा : ओल्यातला ब्रेक, मग खड्ड्यातली कडा, मग आवाज, शेवटी आयुष्य. किलोमीटरची भली मोठी हमी सांगणारं मॉडेल सहसा कडक मसाल्याचं असतं. काही टायरवर ट्रेडवेअर असा आकडा असतो, ३००, ४००, ५००. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची करायला नाही, कारण प्रत्येक कंपनी स्वतःच चाचणी करून तो देते. त्याच्या शेजारी ट्रॅक्शन लिहिलेलं असतं, ओल्या सरळ रस्त्यावरच्या ब्रेकची प्रतवारी. एए सगळ्यात वर, मग ए. बी असेल तर तुम्ही घेऊ नका.

या साइजमध्ये पाहण्यासारखे : मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, ब्रिजस्टोन तुरान्झा ६आय, योकोहामा ब्ल्यूअर्थ जीटी, अपोलो अप्टेरा क्रॉस, सिएट सेक्युराड्राइव्ह एसयूव्ही. पहिले तीन मुळात कारच्या वळणाचे, शांत. शेवटचे दोन याच प्रकारच्या गाड्यांसाठी काढलेले, खांद्यावरची बटणं थोडी भरीव. तुमचा कच्चा चढ आणि खड्डे पाहता माझा कल शेवटच्या दोघांकडे, त्यातही ज्याची तारीख ताजी मिळेल त्याच्याकडे. दोन वर्षं गोदामात पडलेल्या महागड्या टायरपेक्षा दोन महिन्यांपूर्वीचा मध्यम टायर बरा.

निवांत_चालक

माझ्या पहिल्या प्रतिसादापेक्षा हा धागा खूप पुढे गेला, आनंद वाटला. तरीही आवाज नको असेल आणि गाडी बहुतेक शहरात असेल अशांना मी मिशेलिनच सुचवेन.

साखरपा_फाटा

काम झालं, म्हणून सविस्तर नोंद करून ठेवतो, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

तळहाताची परीक्षा केली. डावीकडे आतून बाहेर येताना कडा स्पष्ट लागत होत्या. गॅरेजमध्ये गाडी वर घेतल्यावर डाव्या खालच्या आर्मचं मागचं बुश फाटलेलं निघालं. ते बदललं, मग टायर, मग अलाइनमेंट. कागद घेतला.

टायर अपोलो अप्टेरा क्रॉस, २१५/६० आर१६ ९५एच. दोन ०९२६ चे, दोन १०२६ चे, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधले. चारही बिल करण्याआधी बाहेर काढून दाखवले. फिटिंग, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून तीस हजारांच्या थोडं आत बसलं, बुश वेगळं.

शिराळ्याकडे सासुरवाडीला जाताना वळवाचा पाऊस लागला. पेठ नाक्याच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलं होतं. आधीच्या टायरवर तिथे स्टिअरिंग हलकं व्हायचं, ते झालं नाही. ब्रेक मारताना एबीएसची थरथर पूर्वी लगेच यायची, तीही आली नाही. आवाज किंचित वाढलाय, काँक्रीटवर जाणवतो.

जुने टायर परत करताना दुकानदाराने त्यांचा भाव दिला, पण मी कडांवर आडवे काप मारून मगच दिले. ते पुन्हा कुणाच्या गाडीला लागू नयेत.

टायरवाला_इचलकरंजी

काप मारून दिलेत हे फार चांगलं केलंत.

आता राहिलेलं. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने एकदा तपासून घ्या, अलॉयला बसायला थोडा वेळ लागतो. नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर असतो, तो जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळण टाळा. त्या आत आंबा घाट करायची वेळ आलीच तर नेहमीपेक्षा सावकाश. दर आठ-दहा हजारांना पुढचे मागे, मागचे पुढे.

आणि स्टेपनी? ती तुम्ही बदलली नाही असं दिसतंय. तीही २०१९ चीच असणार.

साखरपा_फाटा

हो, तीही त्याच सालची, पण एकदाही रस्त्याला लागलेली नाही. चालेल ना?

टायरवाला_इचलकरंजी

रस्त्याला लागली नसली तरी रबराचं वय वाढलंच. पंक्चर झाल्यावर जवळच्या दुकानापर्यंत, साठच्या आत, एवढ्यापुरती ठेवा. तिच्यावर घाट उतरू नका. हवा मात्र आजच तपासा, वर्षानुवर्षं न बघितलेल्या स्टेपनीत ती निम्मीसुद्धा नसते. पुढच्या पावसाळ्याच्या आत तीही बदलून घ्या.

आणि पंक्चर काढताना बाहेरून दोरी घालून घेतलीत तर ती तात्पुरती समजा. घरी पोचल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्या. कडेला खिळा गेला असेल तर पंक्चर काढू नका, टायर बदला.

कुडाळ_पिंगुळी

चढावर खडी टाकताना मधल्या उंचवट्यावर टाकू नका, फक्त दोन चाकोऱ्यांत. आणि वरच्या अंगाला पाण्याला आडवी चर काढा, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत खडी खाली येईल.

साखरपा_फाटा

चर राहिली होती. उद्या सकाळी भावाला फोन करून सांगतो.